पास देणाऱ्याकडे बोट

खेळाडू चार वर्षांनी निघून जातात, नियम बदलतात, मैदानंही बदलतात. मग एखाद्या कॉलेजच्या संघाला संस्था का म्हणायचं? यंदाच्या स्मरणिकेत चॅपेल हिलच्या बास्केटबॉल संघाचा इतिहास द्यायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या काही जुन्या सभासदांनी हा प्रश्न विचारलाच, आणि तो रास्त आहे. आपण बहुतेकजण रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने इकडे आलो, तेही क्रिकेटवर वाढलेले. पण पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसात कुणीतरी विचारतं, फिकट निळे की गडद निळे? फिकट म्हणजे चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ, गडद म्हणजे तिथून जेमतेम दहा मैलांवरचं ड्यूक. तटस्थ राहायची सोय नसते. आपल्यातल्या काही घरांत एक मूल इकडे शिकलंय आणि एक तिकडे. अशा घरी मार्च महिन्यात जेवायला जाऊ नये.

हा इतिहास मुख्यतः एका माणसाचा होणार आहे, हे आधीच सांगतो. डीन स्मिथ यांनी हा संघ १९६१ ते १९९७ अशी ३६ वर्षं सांभाळला. ७ फेब्रुवारी २०१५ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, चॅपेल हिलमध्येच त्यांचं निधन झालं. ८७९ विजय, २५४ पराभव, ११ वेळा देशातल्या अंतिम चार संघांत, २ राष्ट्रीय विजेतेपदं. हे आकडे कुठेही सापडतील. मला त्यांच्यात दिसतो तो एक वेगळाच हिशेबी माणूस: जे घडलं त्याचं श्रेय कुणाच्या खात्यावर टाकायचं, याबद्दल आयुष्यभर कमालीचा काटेकोर.

विद्यापीठाची सनद १७८९ची. १७९५मध्ये वर्ग भरले आणि देशातल्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थ्यांना दार उघडणारं हे पहिलं ठरलं. बास्केटबॉल आला तो जानेवारी १९११मध्ये. त्यानंतरची चाळीस वर्षं भरभर ओलांडायला हरकत नाही; १९२४चा अपराजित संघ एवढाच त्यातला ठळक टप्पा. खरी सुरुवात १९५२मध्ये फ्रँक मॅग्वायर न्यूयॉर्कहून आले तेव्हा झाली. त्यांनी तिकडची उंच पोरं इकडे आणली आणि १९५७च्या हंगामात ३२ पैकी ३२ सामने जिंकले. उपांत्य आणि अंतिम सामना लागोपाठच्या दोन रात्री झाला, आणि दोन्ही वेळा निकाल लागायला तीन-तीन जादा डाव लागले. अंतिम सामन्यात समोर कॅन्सस होतं, आणि त्यांच्याकडे विल्ट चेंबरलेन. स्कोअर ५४–५३. हे सामने टीव्हीवरून नॉर्थ कॅरोलायनात दाखवले गेले आणि तंबाखू पिकवणाऱ्या या राज्याला बास्केटबॉलचं वेड लागलं ते कायमचं. त्या रात्री प्रेक्षकांत डीन स्मिथ नावाचा एअर फोर्स अकॅडमीचा एक सव्वीस वर्षांचा सहायक प्रशिक्षक बसला होता. तो कॅन्ससच्या बाजूने ओरडत होता.

साहजिकच होतं. स्मिथ मूळचे कॅन्ससचेच, एम्पोरिया गावचे. वडील आल्फ्रेड तिथल्या हायस्कूलचे प्रशिक्षक. १९३४मध्ये त्यांच्या संघाने राज्य विजेतेपद मिळवलं, तेव्हा संघात पॉल टेरी हा कृष्णवर्णीय मुलगा होता. कॅन्ससच्या राज्य स्पर्धेत त्याआधी असा खेळाडू कुणी उतरवलेला नव्हता. दडपण आलं, तरी वडिलांनी त्याला काढलं नाही. स्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात फॉग अ‍ॅलन यांच्या हाताखाली खेळले. अ‍ॅलन हे जेम्स नेस्मिथ यांचे विद्यार्थी, म्हणजे १८९१मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत हा खेळ ज्यांनी शोधून काढला त्यांचेच. याच वायएमसीएच्या वाटेने बास्केटबॉल भारतातही पोचला आणि मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर रुजला, हे जाता जाता. स्मिथ १९५२च्या विजेत्या कॅन्सस संघात होते खरे, पण बराचसा वेळ बाकावर. पदवी गणिताची.

१९६१ साली चॅपेल हिलवर नामुष्कीची वेळ होती. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवायचा, अशा प्रकरणांत इथल्या खेळाडूंचीही नावं आली होती. खेळाडू मिळवण्यासाठी केलेल्या खर्चावरून राष्ट्रीय संघटनेने विद्यापीठाला आधीच शिक्षा ठोठावली होती. विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम फ्रायडे यांनी नाताळात भरणारी लोकप्रिय डिक्सी क्लासिक स्पर्धा बंदच करून टाकली आणि सामन्यांची संख्या छाटली. मॅग्वायर व्यावसायिक संघाकडे निघून गेले. चान्सलर विल्यम एकॉक यांनी नावाजलेला माणूस शोधत न बसता मॅग्वायर यांच्या तीस वर्षांच्या सहायकाला, म्हणजे स्मिथ यांना, बोलावलं. अट साधी होती: सामने हरलात तरी चालेल, व्यवहार स्वच्छ हवा. अशा अटी नेमणुकीच्या दिवशी सगळेच घालतात. एकॉक यांनी ती नंतरही पाळली, आणि या संस्थेच्या इतिहासात त्यांचं नाव त्यासाठी घ्यायला हवं.

कारण पहिली वर्षं वाईट गेली. पहिल्या हंगामात ८ विजय, ९ पराभव. स्मिथ यांच्या कारकिर्दीतला तोट्याचा हंगाम हा एवढाच. जानेवारी १९६५मध्ये वेक फॉरेस्टकडून दणकून हरून संघाची बस रात्री परतली, तेव्हा व्यायामशाळेसमोरच्या झाडाला प्रशिक्षकांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. बिली कनिंगहॅमने बसमधून उडी मारून तो ओढून खाली काढला. पुढे हा कनिंगहॅम एनबीएतला मोठा खेळाडू झाला, विजेत्या संघाचा प्रशिक्षकही झाला. स्मिथ यांची नोकरी टिकली. दोन वर्षांनी, १९६७मध्ये, संघ अंतिम चौघांत पोचला. ६८ आणि ६९मध्येही.

आता त्या सवयींकडे येतो, ज्यांच्यामुळे मी या संघाला संस्था म्हणतो.

बास्केट झाली की बास्केट करणाऱ्याने पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. प्रेक्षकांनी ते पाहायला हवं. युक्ती मुळात यूसीएलएचे जॉन वुडन यांच्याकडून आली. चॅपेल हिलमध्ये तिचा नियम झाला आणि आज जगभर, गल्लीतल्या कोर्टावरसुद्धा, मुलं ते बोट दाखवतात. बदली होऊन कुणी बाहेर आला की बाकावरच्या सगळ्यांनी उठून उभं राहायचं. दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची; त्याला लगेच बाहेर घेतलं जाईल आणि दम भरल्यावर पुन्हा आत कधी जायचं हे तोच ठरवेल. मूठ वर न करता जो रेटत राहिला आणि प्रशिक्षकांच्या नजरेत सापडला, त्याचं आत जाणं मात्र प्रशिक्षकांच्या हाती. दमलो असं कबूल करण्याला बक्षीस देणारा हा नियम मला फार हुशारीचा वाटतो. सरावाचं वेळापत्रक मिनिटामिनिटाचं छापलेलं असे आणि त्यावर दिवसाचा एक सुविचार. कुणालाही तो अचानक विचारत, आणि सांगता आला नाही तर सगळा संघ धावे.

गणिताच्या पदवीचा उपयोगही इथेच दिसतो. १९५०च्या दशकात लोक एका सामन्यात किती गुण झाले ते मोजत. स्मिथ मोजत ते चेंडू एकदा ताब्यात आल्यावर सरासरी किती गुण झाले ते. संघ सावकाश खेळतो की वेगात, याचा त्या मापावर परिणाम होत नाही. आज या खेळाचं सगळं संख्याशास्त्र याच मापावर उभं आहे. ते त्यांनी एअर फोर्स अकॅडमीत सहायक असतानाच वापरायला घेतलं होतं. त्यातून दुसरी गोष्ट साधली. नुसत्या गुणांच्या रकान्यात न दिसणारा खेळाडू, म्हणजे आडोसा धरणारा, प्रतिस्पर्ध्याला अडवणारा, या हिशेबात दिसू लागला.

ज्येष्ठतेचाही मान कडक होता. पहिल्या वर्षाच्या पोरांनी सामान उचलायचं, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात अंतिम वर्षाच्या मुलांनी सुरुवात करायची, मग त्यातला एखादा वर्षभर खेळलेला नसला तरी. १९८१च्या हिवाळ्यात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड साप्ताहिकाला मुखपृष्ठासाठी संघाच्या पहिल्या पाच जणांचा फोटो हवा होता. स्मिथ यांनी चौघांनाच उभं केलं. पाचवा पहिल्या वर्षात होता आणि त्याने अजून काही केलेलं नव्हतं. त्याचं नाव मायकेल जॉर्डन.

टीकाही भरपूर झाली. आघाडी मिळाली की चार खेळाडू चार कोपऱ्यांत पाठवायचे, मधल्याने चेंडू खेळवत ठेवायचा आणि घड्याळ संपवायचं, हा त्यांचा ‘फोर कॉर्नर्स’ डाव. फिल फोर्डसारखा खेळाडू मध्ये असला की तो बघण्यासारखा असे. एरवी प्रेक्षक वैतागत. १९७७च्या अंतिम सामन्यात मार्क्वेटविरुद्ध हाच डाव अंगाशी आला, ६७–५९ अशी हार पत्करावी लागली. मार्च १९८२मध्ये व्हर्जिनियाविरुद्धचा विभागीय अंतिम सामना ४७–४५ असा, शेवटची बरीच मिनिटं चेंडू नुसता हातात धरून, संपला. १९८५–८६पासून कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये ४५ सेकंदांत चेंडू मारण्याची सक्ती आली, तिच्यामागे या सामन्याचा मोठा हात होता. माझ्या मते नियम यायलाच हवा होता.

त्याच महिन्यात न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये जॉर्जटाउनशी अंतिम सामना झाला. स्मिथ त्याआधी सहा वेळा अंतिम चौघांत जाऊन रिकाम्या हाताने परतले होते, आणि ‘मोठे सामने जिंकता येत नाहीत’ हा शिक्का पक्का बसला होता. सतरा सेकंद उरलेले असताना पहिल्या वर्षाच्या जॉर्डनने डावीकडून चेंडू मारला आणि संघ ६३–६२ असा पुढे गेला. जॉर्जटाउनचा फ्रेड ब्राउन घाईत चुकून विरुद्ध संघाच्या जेम्स वर्दीला पास देऊन बसला आणि सामना संपला. जॉर्जटाउनचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन हे स्मिथ यांचे जवळचे मित्र. १९७६च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघावर ते त्यांचे सहायक होते. स्मिथ आधी त्यांच्याकडे गेले. आणि पत्रकारांना त्यांनी सांगितलं की दोन तासांपूर्वी होतो त्यापेक्षा मी काही बरा प्रशिक्षक झालेलो नाही.

जॉर्डनला वीस गुणांच्या आत रोखणारा एकच माणूस म्हणजे डीन स्मिथ, असा एक विनोद इथे पिढ्यान् पिढ्या चालतो. तो खोटा आहे. दुसऱ्या वर्षी जॉर्डनची सरासरी बरोबर वीस होती. त्याहून महत्त्वाचं असं की १९८४मध्ये त्याने एक वर्ष आधी शिक्षण सोडून एनबीएत जावं, हा सल्ला स्मिथ यांचाच होता. वर्दीलाही दोन वर्षांपूर्वी त्यांनी तोच दिला होता, आणि त्याच्याही आधी बॉब मॅकाडूला. स्वतःच्या संघाचं नुकसान करून दिलेले हे सल्ले. जॉर्डनने पुढे पदवी पुरी केली आणि स्मिथ यांना दुसरे वडील म्हटलं.

वर्णभेदाच्या बाबतीत या संस्थेचा इतिहास गुळगुळीत करून सांगू नये. इथे पदवीच्या वर्गात पहिले तीन कृष्णवर्णीय विद्यार्थी १९५५मध्ये आले, तेही कोर्टाच्या आदेशाने. स्मिथ सहायक असताना त्यांचे पाद्री रॉबर्ट सीमोर यांच्या सांगण्यावरून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेऊन ते ‘द पाइन्स’ या उपाहारगृहात जेवायला गेले. संघ सामन्याआधी तिथेच जेवत असे, त्यामुळे मालकाला नाही म्हणणं अवघड गेलं. त्यांना वाढलं गेलं. एका जेवणाने गाव बदललं नाही. चॅपेल हिलमध्ये १९६३–६४पर्यंत मोर्चे आणि अटका चालू होत्या आणि सगळी दारं उघडली ती केंद्राच्या कायद्याने. बऱ्याच वर्षांनी पत्रकार जॉन फाइनस्टाइन यांनी सीमोर यांच्याकडून ही हकीकत ऐकून स्मिथ यांना विचारलं, तर पाद्रीबोवांनी ती सांगितल्याचाच त्यांना राग आला होता. योग्य ते करण्यात मिरवण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं.

१९६६मध्ये न्यूयॉर्कचा चार्ली स्कॉट आला: या विद्यापीठात शिष्यवृत्तीवर आलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. भेटीला आला तेव्हा स्मिथ त्याला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेले, जिथे गोरे-काळे एकत्र बसत. त्याला ‘चार्ल्स’ म्हटलेलं आवडतं हे कळल्यावर ते शेवटपर्यंत चार्ल्सच म्हणत राहिले. १९६९च्या विभागीय अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध त्याने ४० गुण केले. तरी वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मत दुसऱ्याला पडलं आणि काही पत्रकारांनी तर त्याला पहिल्या पाचांतही घेतलं नाही. एका मैदानावर प्रेक्षकाने स्कॉटला वर्णद्वेषी शिवी दिली तेव्हा एरवी आवाजही न चढवणारे स्मिथ त्याच्या अंगावर धावून गेले आणि सहायकांना त्यांना धरावं लागलं. पुढेही ते गप्प बसले नाहीत. १९८०च्या दशकात अण्वस्त्रं गोठवण्याच्या बाजूने जाहिरातीत बोलले, फाशीच्या शिक्षेविरुद्ध राज्यपालांपर्यंत गेले. दक्षिणेकडच्या राज्यात, तिकिटं विकत घेणाऱ्या धनिकांसमोर, हे सोपं नव्हतं. जिंकत होते म्हणून खपून गेलं, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यात तथ्य आहे.

जानेवारी १९८६मध्ये एकवीस हजारांहून जास्त आसनांचं नवं सभागृह उघडलं. त्याला आपलं नाव नको असं स्मिथ म्हणत होते. देणगीदारांनी ऐकलं नाही. १९९३मध्ये पुन्हा सुपरडोममध्ये, मिशिगनविरुद्ध ७७–७१ असं दुसरं विजेतेपद आलं. मार्च १९९७मध्ये अ‍ॅडॉल्फ रप यांचा ८७६ विजयांचा विक्रम मागे पडला आणि त्याच ऑक्टोबरात, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, ते निवृत्त झाले. वेळ मुद्दाम निवडलेली: नवा माणूस शोधायला सवडच राहू नये, म्हणजे तीस वर्षं बाजूला बसलेले सहायक बिल गथ्रिज यांच्याच हाती संघ जाईल.

आता एक कटू नोंद. स्मिथ यांच्या खेळाडूंपैकी ९६ टक्क्यांहून अधिक पदवीधर झाले, हा आकडा इथे अभिमानाने सांगितला जातो. ऑक्टोबर २०१४मध्ये आलेल्या वेनस्टाइन अहवालाने दाखवलं की १९९३ ते २०११ या काळात एका विभागात वर्गच न भरणारे, नुसता एक निबंध मागणारे अभ्यासक्रम चालले. ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी ते घेतले. त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. त्यातली पहिली चार वर्षं स्मिथ यांच्या कारकिर्दीतली. राष्ट्रीय संघटनेने २०१७मध्ये शिक्षा केली नाही, कारण हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते. कायद्याने सुटका झाली एवढंच. स्मिथ यांच्या बहुतेक पिढ्या त्या अभ्यासक्रमांच्या आधीच शिकून गेल्या होत्या, पण श्रेयाचा हिशेब इतका काटेकोर ठेवणाऱ्या माणसाच्या चरित्रात हे पान गाळणं शोभणार नाही.

अहवाल आला तोवर स्मिथ यांना त्यातलं काही कळण्याची शक्यता उरली नव्हती. शेकडो खेळाडूंची, त्यांच्या आईवडिलांची आणि मुलांची नावं पाठ असलेल्या या माणसाला विस्मरणाचा आजार झाल्याचं कुटुंबाने २०१०मध्ये जाहीर केलं. नोव्हेंबर २०१३मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दिलेलं स्वातंत्र्यपदक त्यांच्या पत्नी लिनिया यांनी स्वीकारलं. निधनानंतर दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर जॉर्जिया टेकशी सामना होता. प्रशिक्षक होते रॉय विल्यम्स, स्मिथ यांचेच जुने सहायक. पहिल्याच ताब्यात त्यांनी चार बोटं वर केली, पोरं चार कोपऱ्यांत पांगली, मार्कस पेजने पास दिला आणि ब्राइस जॉन्सनने बास्केट केली. ज्या डावावर सगळा देश चिडला होता त्याला त्या दिवशी सभागृहाने उभं राहून दाद दिली.

मार्चमध्ये जुन्या खेळाडूंच्या घरी पाकिटं गेली. मृत्युपत्रात स्मिथ यांनी आपल्या हाताखाली खेळून संघाचं मानचिन्ह मिळवलेल्या प्रत्येकाला दोनशे डॉलरचा चेक ठेवला होता: माझ्यातर्फे एकदा बाहेर जेवा. असे सुमारे १८० जण होते. जॉर्डनला जेवढे, तेवढेच चार वर्षं बाकावर बसून गेलेल्याला. कितीतरींनी चेक वटवला नाही. हिशेब मिटवायला बसलेल्या वकिलांना त्याचा ताप झाला असणार.

विल्यम्स यांनी २००५, २००९ आणि २०१७ अशी तीन विजेतेपदं आणली आणि २०२१मध्ये संघ ह्युबर्ट डेव्हिस यांच्याकडे आला. डेव्हिस १९८८ ते १९९२ स्मिथ यांच्याकडे खेळले. तेही स्मिथ यांना त्यांच्या कुवतीबद्दल शंका असताना. या संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. पहिल्याच वर्षी त्यांनी अंतिम चौघांत ड्यूकला ८१–७७ हरवलं, आणि ४ एप्रिल २०२२ला, त्याच सुपरडोममध्ये, अंतिम सामन्याच्या मध्यंतराला संघ ४०–२५ असा पुढे होता. शेवटी ७२–६९ असा हरला. जिंकलं ते कॅन्सस, म्हणजे स्मिथ यांचं माहेर.